मतदान केंद्राचा पत्ता कोण ठरवतो?

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदांच्या आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या जाहिरातींशेजारी, अधूनमधून एक जाहीर सूचना छापून येते. अक्षर बारीक आणि भाषा खास सरकारी. अमुक विधानसभा मतदारसंघातील मतदान केंद्रांची प्रारूप यादी प्रसिद्ध करण्यात आली आहे, ती अमुक कार्यालयात पाहण्यास उपलब्ध आहे, कोणाच्या हरकती व सूचना असल्यास त्या मुदतीत लेखी द्याव्यात. आपली नजर तिच्यावरून घसरते आणि शब्दकोड्यावर जाऊन स्थिरावते. तहसील कचेरीच्या फलकावरही तोच कागद चार दिवस वाऱ्यावर फडफडतो आणि मग त्याच्यावर दुसरा कागद डकवला जातो.

पुढे मतदानाचा दिवस उजाडतो. गेल्या वेळी ज्या शाळेत मत दिले त्या शाळेत आजोबा रिक्षा करून जातात, पाऊण तास रांगेत उभे राहतात आणि मग टेबलामागचा कर्मचारी सांगतो, "आजोबा, तुमचे नाव इथे नाही. तुमचे केंद्र बदलले." कुठे गेले, हे त्याला ठाऊक नसते. बाहेर पक्षाच्या टेबलावर बसलेला मुलगा यादी चाळून सांगतो, हमरस्त्याच्या पलीकडे, दुसऱ्या शाळेत. काही आजोबा तिकडे जातात. बरेचसे घरी परततात.

घरी परतलेल्या अशा माणसाची नोंद कुठेही होत नाही. संध्याकाळी टक्केवारी जाहीर होते, दुसऱ्या दिवशी अग्रलेखांतून मतदारांच्या उदासीनतेवर टीका होते आणि त्या उदासीनांत या आजोबांचीही गणना होते. प्रत्यक्षात त्यांना कोणी मतदानापासून अडवलेले नसते. फक्त मतदानाची जागा हलली आणि ती हलवण्यापूर्वी विचारलेला प्रश्न त्यांच्या कानापर्यंत पोचला नाही.

कायदा काय सांगतो?

मतदान केंद्र कुठे असावे हे कोण ठरवतो, असे चार सुशिक्षित माणसांना विचारले तर चार उत्तरे येतात. कोणी म्हणतो नगरसेवक, कोणी म्हणतो दिल्ली. लोकसभा आणि विधानसभेपुरते खरे उत्तर लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या २५ व्या कलमात आहे. जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याने, म्हणजे आपल्याकडे जिल्हाधिकाऱ्याने, निवडणूक आयोगाच्या पूर्वमान्यतेने प्रत्येक मतदारसंघात पुरेशी मतदान केंद्रे द्यायची आणि त्यांची यादी प्रसिद्ध करायची. कोणते केंद्र कोणत्या भागासाठी, तेही त्या यादीत सांगायचे.

त्याआधी एक पायरी असते. आयोगाच्या कार्यपद्धतीनुसार प्रथम प्रारूप यादी निघते, ती मान्यताप्राप्त राजकीय पक्षांना आणि लोकप्रतिनिधींना दिली जाते, त्यांची बैठक होते आणि सर्वसामान्य नागरिकांकडूनही हरकती व सूचना मागवल्या जातात. ही मुदत बहुधा आठवडाभराचीच असते. त्या आठवड्यात ज्याने तोंड उघडले त्याचे म्हणणे फायलीत जाते. ज्याने उघडले नाही त्याची मान्यता गृहीत धरली जाते.

केंद्र निवडण्याचे आयोगाचे नियम मात्र वाचण्यासारखे आहेत. त्यांतून नियम करणाऱ्यांचे गावगाड्याचे ज्ञान दिसते. मतदाराला सर्वसाधारणपणे दोन किलोमीटरपेक्षा जास्त चालावे लागू नये. वाटेत नदी, डोंगर असा अडथळा पार करावा लागू नये. केंद्र शक्यतो सरकारी किंवा निमसरकारी इमारतीत आणि तळमजल्यावर असावे. पोलीस ठाण्यात, रुग्णालयात, देवळात किंवा कोणत्याही प्रार्थनास्थळी ते नसावे. दोनशे मीटरच्या आत राजकीय पक्षाचे कार्यालय नसावे. दुर्बल घटकांची वस्ती असेल तिथे, मतदार थोडे असले तरी, त्यांचे केंद्र त्यांच्याच वस्तीत असावे. या शेवटच्या नियमामागे कोणता अनुभव असेल ते आपल्या गावांचा इतिहास ठाऊक असणाऱ्याला सांगायला नको. दुसऱ्या आळीतून मान खाली घालून जावे लागणार असेल, तर अर्धा किलोमीटरही फार लांब असतो.

पहिल्या निवडणुकीचा धडा

केंद्र जवळ असावे हा आग्रह नवा नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत १७ कोटींहून अधिक मतदार होते आणि त्यांतल्या बहुसंख्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी प्रत्येक उमेदवारासाठी वेगळी पेटी आणि तिच्यावर चिन्ह अशी सोय केली. मतदानाच्या जागांचाही त्यांनी तितकाच बारकाईने विचार केला. देशभर सुमारे १ लाख ९६ हजार बूथ उभारले गेले आणि त्यांपैकी २७,५२७ केवळ स्त्रियांसाठी राखून ठेवले होते. ज्या घरांतली बाई परपुरुषांच्या गर्दीत उभी राहणार नव्हती, तिच्यासाठी ती सोय होती.

त्याच निवडणुकीत दुसरी एक गोष्ट घडली. सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव सांगितले नव्हते. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच त्यांची नोंद होती. नाव सांगा, नाहीतर यादीत जागा नाही, ही सेन यांची भूमिका कठोर होती, पण पुढच्या निवडणुकांत तिचा उपयोग झाला.

हा वारसा आजही टिकून आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत अरुणाचल प्रदेशातल्या मालोगाम इथे एका मतदार महिलेसाठी कर्मचारी सुमारे ४० किलोमीटरची डोंगरवाट तुडवत गेले. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात सरदार सरोवराच्या पाण्याकाठच्या मणिबेलीसारख्या गावांसाठी यंत्रे बोटीतून जातात. गडचिरोलीत काही भागांत कर्मचाऱ्यांना हेलिकॉप्टरने पोचवावे लागते. बस्तरमधल्या चांदामेटा गावात २०२३ साली पहिल्यांदाच गावातच मतदान केंद्र आले. अशा बातम्या आपण अभिमानाने वाचतो आणि तो अभिमान योग्यच आहे.

पण जे यंत्र एका मतासाठी डोंगर चढते, तेच यंत्र शहरातल्या एखाद्या वस्तीचे केंद्र कागदावर एक रेघ ओढून रेल्वे रुळांच्या पलीकडे नेऊ शकते. पहिल्याची बातमी होते, दुसऱ्याची होत नाही.

चव्वेचाळीस सेकंदांचा हिशेब

केंद्रे का बदलतात? कारणे साधी असतात. शाळेची इमारत धोकादायक ठरते. पटसंख्या नाही म्हणून शाळा बंद होते. चाळ पाडून टॉवर उभा राहतो. पण सर्वांत मोठे कारण असते मतदारांची संख्या.

एका केंद्रावर जास्तीत जास्त किती मतदार असावेत याची मर्यादा आयोग ठरवतो. २०२४ मध्ये ती १,५०० होती. २०२५ मध्ये ती १,२०० वर आणण्याचे ठरले. या आकड्यांचा अर्थ कळायला थोडे अंकगणित करावे लागेल. सकाळी सात ते संध्याकाळी सहा असे अकरा तास मतदान, म्हणजे ६६० मिनिटे. पंधराशे मतदारांपैकी साठ टक्के आले तर नऊशे माणसे. प्रत्येकाच्या वाट्याला आले चव्वेचाळीस सेकंद. तेवढ्यात नाव शोधायचे, ओळखपत्र पाहायचे, नोंदवहीत सही घ्यायची, बोटाला शाई लावायची, बटण दाबायचे, कागदी चिठ्ठी सात सेकंद काचेतून पाहायची. काही पायऱ्या एकाच वेळी चालतात हे खरे, तरी आजीबाईंना चष्मा काढायलाही वेळ लागतो. त्यातून माणसे अकरा तासांत सारखी वाटून येत नाहीत. ती सकाळी नऊला आणि ऊन उतरल्यावर एकदम येतात. बाराशेची मर्यादा धरली तर हाच हिशेब पंचावन्न सेकंदांवर जातो. अकरा सेकंदांचा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, पण शंभर जणांच्या रांगेत तो अठरा मिनिटांचा होतो.

२० मे २०२४ रोजी मुंबईत लोकसभेचे मतदान झाले तेव्हा या अंकगणिताचा अनुभव अनेकांनी घेतला. अनेक केंद्रांवर रांगा हलत नव्हत्या, उन्हाने जीव नकोसा झाला होता, सावलीच्या आणि पाण्याच्या तक्रारी होत्या. त्यानंतर नोव्हेंबरमधल्या विधानसभा निवडणुकीपूर्वी केंद्रांची फेरमांडणी झाली. राज्यात एक लाखाहून अधिक केंद्रे होती आणि त्यांतली हजाराहून अधिक मुंबई, ठाणे, पुणे अशा शहरांतल्या मोठ्या गृहसंकुलांच्या आवारात होती.

बाराशेच्या मर्यादेमुळे केंद्रे किती वाढतात याचा दाखला बिहारमध्ये मिळाला. २०२५ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी तिथली केंद्रे ७७,८९५ वरून ९०,७१२ झाली, म्हणजे जवळजवळ तेरा हजार नवी केंद्रे. ही मर्यादा देशभरासाठी आहे. त्यामुळे केंद्रांचे विभाजन आणि फेरमांडणी हा विषय आता आपल्याही दारात आलेला आहे.

जवळ आणले तरी अडचण

केंद्रे वाढली म्हणजे रांगा कमी झाल्या, मग तक्रार कशाची, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर शोधताना अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसचा एक अनुभव उपयोगी पडतो. कॅलिफोर्नियाच्या राज्यपालाला परत बोलावण्यासाठी ऑक्टोबर २००३ मध्ये तिथे घाईने निवडणूक घ्यावी लागली. तयारीला वेळ नव्हता म्हणून लॉस एंजेलिस काउंटीने केंद्रे ५,२३१ वरून १,८८५ वर आणली. हेन्री ब्रॅडी आणि जॉन मॅकनल्टी या अभ्यासकांनी, ज्यांचे केंद्र बदलले आणि ज्यांचे तेच राहिले, अशा मतदारांची तुलना केली. त्यांचा निबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे केंद्र बदलले त्यांचे केंद्रावरचे मतदान सुमारे तीन टक्क्यांनी घटले. त्यातले थोडे टपाली मतदानाने भरून निघाले, तरी जवळजवळ दोन टक्क्यांची तूट राहिलीच.

या अभ्यासातला खरा धडा पुढे आहे. तूट केवळ अंतरामुळे आली नव्हती. काहींचे केंद्र फारसे लांब गेले नव्हते, तरी त्यांच्यातही मतदान घटले, कारण नवी जागा शोधावी लागली. चालण्याचे कष्ट निराळे आणि शोधण्याचे कष्ट निराळे. आपल्याकडे टपाली मतदानाची सोय मोजक्यांनाच आहे, त्यामुळे ज्याला केंद्र सापडले नाही त्याचे मत गेलेच. तेव्हा केंद्र जवळ आणले तरी ते बदलले आहे ही गोष्ट वेळेवर, घरी जाऊन, समजेल अशा शब्दांत सांगावी लागते. नुसते संकेतस्थळावर टाकून भागत नाही.

शहरांत याची आणखी एक गुंतागुंत आहे. एकाच शाळेत पाच-सहा केंद्रे असतात. शाळा तीच, पण खोली बदललेली. मतदार यादीचा प्रत्येक भाग हा एका केंद्राशी जोडलेला असतो. यादी भाग फोडला की नवरा खोली क्रमांक दोनमध्ये आणि बायको खोली क्रमांक पाचमध्ये, असे प्रकार होतात. एका कुटुंबातल्यांची नावे एकाच भागात असावीत असा नियम असूनही ते होतात. अशा वेळी तरुण माणूस वैतागून का होईना, दुसऱ्या रांगेत जातो. गुडघे धरलेली बाई जात नाही. आता ८५ वर्षे पूर्ण झालेल्यांना आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असणाऱ्यांना घरून मत देण्याची मुभा आहे. पूर्वी ही वयोमर्यादा ८० होती, ती मार्च २०२४ मध्ये ८५ वर नेली. म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजीला दोन जिने आणि दोन रांगा स्वतःच पार करायच्या आहेत.

फाटकाच्या आत आणि बाहेर

गृहसंकुलात केंद्र आणण्याची कल्पना स्वागतार्हच आहे. तिथल्या ज्येष्ठांना लिफ्टने उतरून मत देता येते. सभागृह असते, पाणी असते, स्वच्छतागृह असते. पूर्वी मतदानाच्या सुट्टीला लोणावळ्याकडे वळणारी गाडी त्यामुळे तासभर तरी थांबते.

प्रश्न आहे तो त्या संकुलाच्या कुंपणाला लागून असलेल्या वस्तीचा. संकुलात केंद्र आले तेव्हा वस्तीचे केंद्र कुठे राहिले? ते पूर्वीच्याच शाळेत असेल तर ठीक. पण ते भर रस्त्यावरच्या मंडपात गेले असेल तर? आणि वस्तीतल्या काही मतदारांना संकुलातलेच केंद्र दिले असेल, तर ज्या फाटकावर रोज पिशवी तपासून आत सोडतात, त्याच फाटकातून घरकाम करणारी बाई त्या दिवशी हक्काने आत जाईल का? कायद्याने जाईल. तिला कोणी अडवू शकत नाही आणि त्या दिवशी ती जागा सोसायटीची नसते, मतदान केंद्राची असते. परंतु हे तिला कोणीतरी आधी सांगायला हवे आणि पहारेकऱ्यालाही सांगायला हवे.

आणखी एक गोष्ट हळूहळू निसटते आहे. महापालिकेच्या शाळेतल्या त्या रांगेत डॉक्टर, भाजीवाला, बँकेतला निवृत्त अधिकारी आणि रिक्षावाला असे एकामागे एक उभे असत. रेशनच्या रांगा अनेकांच्या आयुष्यातून गेल्या, सरकारी दवाखान्याच्या गेल्या, मुलांच्या शाळा तर केव्हाच वेगळ्या झाल्या. शिल्लक राहिली होती ही एक रांग. सोयीसाठी तीही वेगळी करायची की नाही याचा निर्णय सरसकट देता येणार नाही. पण तो निर्णय आहे हे तरी ओळखावे, आणि तो घेताना फाटकाच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना विचारावे.

खेड्यांत कुंपणाच्या जागी ओढा असतो. कोकणातल्या किंवा सह्याद्रीतल्या गावाच्या पाच-सात वाड्या असतात आणि नकाशावर त्या गावठाणापासून दीड-दोन किलोमीटरवर दिसतात. कचेरीत बसून मोजणाऱ्याला ते अंतर नियमात बसते. पण नकाशाला चढ दिसत नाही. धनगरवाड्यावरून उतरायला अर्धा तास आणि चढायला तास लागतो हे तिथल्या म्हातारीलाच ठाऊक. वाडीतली शाळा बंद पडली की केंद्रही खाली गावठाणात जाते. निवडणुकीच्या दिवशी उमेदवाराची जीप न्यायला येते, पण मतदारांना असे वाहनाने आणणे हा कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे केंद्र लांब नेऊन आपण त्या म्हातारीपुढे दोनच वाटा ठेवतो. मत देऊ नको, नाहीतर कोणाच्या तरी उपकारावर दे.

गल्लीची निवडणूक

महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद यांच्या निवडणुकांचा कारभार निराळा आहे. संविधानाच्या ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्तीनंतर १९९४ मध्ये महाराष्ट्रात राज्य निवडणूक आयोग स्थापन झाला. या निवडणुकांची जबाबदारी त्याची, आणि शहरांत बरेचसे प्रत्यक्ष काम महापालिकेच्या निवडणूक विभागाचे. विधानसभेची मतदार यादी घेऊन ती प्रभागांप्रमाणे फोडली जाते. प्रभागाची सीमा आणि यादी भागाची सीमा एकच असेल असे नाही. त्यामुळे एका इमारतीतल्या माणसाचे विधानसभेचे केंद्र एका शाळेत आणि महापालिकेचे दुसऱ्या शाळेत असू शकते. कधी तर समोरच्या फुटपाथवरचा प्रभागच दुसरा असतो.

इथे जनतेला दोनदा विचारले जाते. एकदा प्रारूप प्रभागरचनेवर आणि एकदा प्रभागनिहाय प्रारूप मतदार यादीवर. आपले नाव भलत्याच प्रभागात गेले असेल तर ते याच वेळी दुरुस्त होऊ शकते. त्यानंतर केंद्रनिहाय याद्या निघतात, पण तेव्हा मतदान तोंडावर आलेले असते आणि फारसे काही बदलता येत नाही.

मुंबई महापालिकेची निवडणूक २०१७ मध्ये झाली आणि त्यानंतर थेट जानेवारी २०२६ मध्ये. नऊ वर्षांत माणूस आपले केंद्र विसरला तर नवल काय? त्या काळात इमारती पडल्या, पुनर्विकासात माणसे उपनगरांत गेली, पुन्हा आली, शाळा एकत्र झाल्या. शिवाय मुंबईबाहेरच्या मोठ्या शहरांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत. पुण्यातल्या मतदाराला चार-चार मते द्यायची असतात, तेव्हा चव्वेचाळीस सेकंदांचा हिशेब तिथे साफ कोलमडतो. गल्लीतल्या दिव्याचा आणि नळाचा निकाल लावणारी निवडणूक, आणि तिचेच केंद्र शोधणे सर्वांत अवघड, असा हा उलटा प्रकार आहे.

विचारण्याची रीत

ब्रिटनमध्ये हे काम स्थानिक कौन्सिल करते. २०१३ च्या कायद्याने तिथे दर पाच वर्षांनी मतदान केंद्रांचा सर्वंकष आढावा घेणे सक्तीचे केले. अलीकडची मुदत १ ऑक्टोबर २०२३ ते ३१ जानेवारी २०२५ अशी सोळा महिन्यांची होती. पुढची ऑक्टोबर २०२८ पासून सुरू होईल. कौन्सिलने नोटीस काढायची, निवडणूक अधिकाऱ्याचे मत मागवून ते प्रसिद्ध करायचे, नागरिकांचे म्हणणे घ्यायचे आणि विशेषतः अपंगांच्या सोयीची जाण असणाऱ्यांना विचारायचे. आलेला पत्रव्यवहार आणि निर्णयाची कारणे लोकांसमोर ठेवायची. एवढ्यावरही समाधान झाले नाही तर त्या मतदारसंघातले तीस मतदार एकत्र येऊन थेट निवडणूक आयोगाकडे दाद मागू शकतात. तिथले प्रश्नही आपल्यासारखेच घरगुती असतात. शाळेत केंद्र ठेवले तर मुलांचा दिवस बुडतो, चर्चच्या सभागृहाला पायऱ्या आहेत, पबमध्ये जायला काहींना संकोच वाटतो. त्यावर लोक पत्रे लिहितात.

ब्रिटन छोटा देश आहे, त्याची आपली बरोबरी नाही, हे मान्य. आपल्या एका महाराष्ट्रातच ९ कोटी ७० लाखांच्या घरात मतदार आहेत. तरी दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे वेळ. निवडणूक जवळ नसताना, निवांतपणे विचारणे. आणि दुसरी, दिलेल्या उत्तराचे काय झाले ते सांगणे. आपल्याकडे हरकत घेणाऱ्याला पोच मिळते, कारण क्वचितच मिळते. मग पुढच्या वेळी तो कशाला लिहील?

राजकीय पक्ष मात्र या याद्या बारकाईने पाहतात. केंद्रनिहाय मतांचे आकडे निकालानंतर उपलब्ध असतात, त्यामुळे कोणती गल्ली कोणाची हे त्यांना तोंडपाठ असते. केंद्र कुठे असावे याबद्दल त्यांच्या सूचना असतात, पण त्या नेहमी आजोबांच्या गुडघ्यांचा विचार करून केलेल्या असतीलच असे नाही. नागरिक गप्प राहिले की प्रशासनाच्या कानावर फक्त हाच आवाज पडतो.

एक साधा कागद

तेव्हा करायचे काय? काम फार मोठे नाही. घरातल्या सर्वांचे यादी भाग क्रमांक आणि केंद्राचे नाव एका कागदावर लिहून तो शिधापत्रिकेसोबत ठेवावा. आपल्या भागाचा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी कोण, बहुधा एखाद्या शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका असतात, त्यांची ओळख करून घ्यावी. १९५० हा मतदार मदतीचा क्रमांक आहे, तो लक्षात ठेवायलाही सोपा. सोसायटीच्या वार्षिक सभेत, महिला मंडळात, ज्येष्ठ नागरिक संघात वर्षातून एकदा हा विषय पाच मिनिटे घ्यावा.

आणि प्रारूप यादी निघाली की ती पाहावी. हरकत लिहिताना नुसते "आमची गैरसोय होते" असे लिहून भागत नाही. यादी भाग कोणता, साधारण किती मतदार, त्यांत वृद्ध आणि अपंग किती, वाटेत कोणता रस्ता, रूळ किंवा ओढा लागतो, ते लिहावे. मुख्य म्हणजे पर्याय सुचवावा. अमुक समाजमंदिर तळमजल्यावर आहे, त्याला उतार आहे, नळ आहे, दोन दारे आहेत. अधिकाऱ्यालाही इमारत हवीच असते. त्याच्या नकाशावर जे दिसत नाही ते आपण दाखवले तर बहुतेक वेळा त्याचे कामच सोपे होते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या वतीने लिहावे. घरकाम करणाऱ्या बाईला, इमारतीच्या पहारेकऱ्याला, इस्त्रीवाल्याला एकदा विचारावे, "तुमचे केंद्र कुठे आहे, ठाऊक आहे का?" या एका प्रश्नाने यादीतल्या अर्ध्या चुका सापडतील.

मत कोणाला द्यायचे यावर आपण घराघरांत वाद घालतो, वाहिन्यांवरच्या चर्चा रात्री उशिरापर्यंत ऐकतो. मत कुठे द्यायचे हा प्रश्न त्यापुढे अगदीच किरकोळ वाटतो. पण पहिल्या प्रश्नाचे उत्तर कितीही पक्के असले तरी ते यंत्रापर्यंत पोचायला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लागते. ते उत्तर मतदानाच्या कितीतरी आधी, कोणाचे लक्ष नसताना, एका आठवड्यात ठरून जाते. तो आठवडा कधी येतो यावर आपल्या आळीतल्या एखाद्या माणसाने नजर ठेवली, तरी पुढच्या वेळी कितीतरी आजोबा शाई लावलेले बोट दाखवत घरी येतील.